क्लोंडाइकमध्ये सोनं शोधणाऱ्यांचा दिवस लाकडं फोडण्यात का जायचा?

प्रश्न असा आहे: १८९६ ते १८९९ या काळात कॅनडातल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी गेलेली साधी माणसं रोज काय करायची, काय खायची, सोनं प्रत्यक्षात कसं काढायची, आणि त्यातली बहुतेक रिकाम्या हाताने का परतली?

त्यांचा बहुतेक वेळ ओझी वाहण्यात आणि लाकूड तोडण्यात जायचा. वर्षातले थोडे आठवडे सोडले तर सोनं डोळ्यांना दिसायचंही नाही. लाकूड हाच तिथला खरा धंदा होता असं म्हटलं तरी चालेल. होडी लाकडाची, खोली लाकडाची, स्वयंपाक लाकडावर, आणि गोठलेली जमीन वितळवायची तीही लाकडानेच.

आधी तारखा बघू, कारण रिकाम्या हातांचं अर्धं उत्तर त्यांतच आहे. १६ ऑगस्ट १८९६ रोजी युकॉन प्रदेशातल्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. तिथे जॉर्ज कारमॅक, त्याचा टागिश जमातीचा मेहुणा स्कूकम जिम आणि जिमचा भाचा डॉसन चार्ली होते. पहिला कण कोणी पाहिला यावर आजही वाद आहे, पण शोधकर्त्याचा दावा, म्हणजे खोदायच्या हक्काचा नोंदवलेला जमिनीचा तुकडा, कारमॅकच्या नावावर लागला. ओढ्याचं नाव पुढे बोनान्झा झालं. आजूबाजूच्या छावण्यांतली माणसं काही आठवड्यांत तिथे पोचली आणि बोनान्झा व एल्डोराडो या दोन्ही ओढ्यांची चांगली जमीन खुंट्या मारून वाटली गेली. बाहेरच्या जगाला बातमी लागली जुलै १८९७ मध्ये, सोनं घेऊन जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिअ‍ॅटलला लागली तेव्हा. अंदाजे १ लाख माणसं निघाली, त्यातली ३० ते ४० हजार पोचली, आणि तीही बहुतेक १८९८ च्या जूनमध्ये. जमीन संपून दीड वर्ष उलटून गेलं होतं. सोनं हाती लागलं ते जेमतेम ४ हजार जणांच्या. बाकीचे आळशी होते किंवा कमनशिबी होते असं म्हणणं चुकीचं आहे. ते उशिरा निघाले होते, आणि निघताना ते त्यांना कळण्याचा काही मार्ग नव्हता.

आता वाट. कॅनडाच्या हद्दीत शिरताना खिंडीच्या माथ्यावर नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिसांची चौकी होती आणि वर्षभराची शिधा सोबत असल्याशिवाय पुढे सोडत नसत. कारण सरळ होतं: १८९७ च्या शरद ऋतूत नदीचं पाणी उतरल्यामुळे मालाच्या बोटी सोन्याच्या ओढ्यांजवळच्या डॉसन गावापर्यंत पोचल्या नाहीत आणि गावात उपासमारीची पाळी आली होती. नुसतं अन्नच ५०० किलोच्या आसपास, आणि हत्यारं, तंबू, शेगडी, कपडे धरून एका माणसाचं ओझं जवळजवळ ९०० किलो व्हायचं. याद्या थोड्याफार वेगळ्या असत, पण सांगाडा एकच: पीठ १८० किलो, खारवलेलं डुकराचं मांस ७० ते ९० किलो, वाल-घेवड्यासारखे सुके दाणे ४५ किलो, साखर, सुकवलेली सफरचंदं, सुकवलेले बटाटे-कांदे, कॉफी, चहा, मीठ, बेकिंग पावडर, मेणबत्त्या. शिवाय लांब करवत, कुऱ्हाड, खिळे, दोर, डांबर, होडीच्या फटी बुजवायचा ताग, कुदळ, फावडं, परात आणि मच्छरदाणी.

हे सगळं अलास्कातल्या डाये बंदरापासून चिलकूट खिंड ओलांडून बेनेट सरोवरापर्यंत न्यायचं. अंतर ५३ किलोमीटर. हिशोब करून पाहा. एका खेपेला पाठीवर ३० किलो म्हणजे ३० खेपा. सामान एका ठिकाणी टाकून परत यायचं, पुढची खेप उचलायची. म्हणजे सगळा माल एक मैल पुढे सरकवायला ३० मैल ओझ्यासह आणि २९ मैल मोकळं चालावं लागे. सपाटीवर बर्फगाडी ओढून खेपा कमी करता येत, पण खिंडीच्या शेवटच्या चढावर काही इलाज नव्हता. तिथे बर्फात सुमारे १,५०० पायऱ्या खोदल्या होत्या. माणसामागे माणूस अशी अखंड रांग. दम लागला म्हणून बाजूला झालात तर परत रांगेत शिरायला तासन्‌तास थांबावं लागे. उतरताना मात्र बसून घसरत यायचं, काही मिनिटांचं काम. पैसे असले तर ट्लिंगिट या तिथल्या मूळ जमातीचे हमाल मिळत. ते पिढ्यान्‌पिढ्या या खिंडीतून व्यापार करत आले होते आणि आपला भाव त्यांना नीट ठाऊक होता. गर्दी वाढली की दर एका पौंडाला १ डॉलरपर्यंत चढे. बहुतेकांना तो परवडत नसे, आणि या एका वाटेत त्यांचे तीन महिने जात.

इथे बिघडायचं ते असं. माथ्यावर ठेवलेला माल रात्रीतून बर्फाखाली गाडला जाई. वर उंच काठी रोवून ठेवली नसेल तर आपला ढीग सापडत नसे. चालताना आलेला घाम अंगावरच गोठे, म्हणून अनुभवी माणूस चढताना कपडे काढी आणि थांबल्यावर घाली. नवखा उलट करी. ३ एप्रिल १८९८ रोजी हिमलोट कोसळून साठाहून अधिक माणसं गेली. दोनतीन दिवसांच्या दमट बर्फवृष्टीनंतर ट्लिंगिट हमालांनी वर जायला नकार दिला होता. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर घोडे चालतात असं ऐकून लोकांनी मिळतील ते घोडे नेले. दगडांत पाय अडकून, चिखलात रुतून, उपासमारीने सुमारे ३ हजार घोडे मेले. त्या वाटेला मेलेल्या घोड्यांची वाट हेच नाव पडलं.

बेनेटला पोचलं की होडी बांधायची, कारण डॉसनपर्यंतची पुढची वाट पाण्याची होती. उंच मचाणावर ओंडका चढवायचा, कोळशात बुडवलेली दोरी ताणून त्यावर रेघ मारायची, एकाने वर आणि एकाने खाली उभं राहून लांब करवतीने फळ्या पाडायच्या. करवत खाली येताना कापते. वरच्याने ती फक्त उचलायची आणि रेघेवर ठेवायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो आणि तो करवतीला लोंबकळतो. मग वरच्याला त्याच्यासकट ओढावं लागतं, त्याचा हात ढळतो, काप रेघ सोडतो आणि खालचा वरच्याला शिव्या घालतो. वर्षानुवर्षांचे मित्र या करवतीवर तुटले. भागीदारी मोडताना पिठाची पोती आणि तवासुद्धा मधोमध कापून घेतल्याच्या गोष्टी तिथे सांगितल्या जात, आणि त्या वाटेवरच्या थकव्याचा अंदाज असला की त्या खोट्या वाटत नाहीत. शिवाय लाकूड ओलं. सुकताना आकसून फळ्यांच्या फटी रुंदावत. ताग आणि डांबर हात राखून भरलं असेल तर होडी पहिल्या सरोवरातच पाणी घेई.

मे १८९८ च्या शेवटी बर्फ फुटला आणि त्या हंगामात पोलिसांनी ७,१२४ होड्या मोजल्या. व्हाइटहॉर्सच्या खळाळात सुरुवातीलाच दीडशेच्या आसपास होड्या फुटल्या, माणसं बुडाली. तेव्हा पोलीस अधिकारी सॅम स्टील यांनी नियम घातला: होड्यांवर क्रमांक, खळाळातून नेताना जाणकार नावाडी, बायका-मुलांनी काठाने चालायचं. त्यानंतर अपघात जवळपास थांबले. प्रशासनाने माणसं कशी वाचवावीत याचं इतकं साधं उदाहरण कमी सापडतं.

सोनं कसं निघायचं

ओढ्यातलं सोनं जड म्हणून वाळू-खडीतून झिरपत झिरपत तळाच्या कातळावर जाऊन बसतं. क्लोंडाइकमध्ये हा कातळ साधारण १० ते ४० फूट खाली होता, आणि मधली सगळी माती बारमाही गोठलेली, काँक्रीटसारखी. कुदळ मारली तर ठिणगी उडे.

म्हणून खोदकाम हिवाळ्यात. हे ऐकून लोक चकित होतात, पण उन्हाळ्यात वरचा थर वितळून विहिरीत पाणी भरतं आणि भिंती ढासळतात. थंडीत भिंती दगडासारख्या उभ्या राहतात, लाकडी आधारही लागत नाही. चार बाय सहा फुटांच्या आसपास तोंड धरायचं. संध्याकाळी तळाशी सुक्या लाकडांची शेकोटी रचून पेटवायची. सकाळपर्यंत फूटभर जमीन मऊ होते. राख आणि चिखल बादलीत भरून रहाटाने वर ओढायचा, मग पुन्हा लाकडं. दिवसाला फूट, म्हणजे २० फुटांच्या विहिरीला निदान तीन आठवडे, तेही रोजची शेकोटी नीट पेटली तर. कातळाला पोचलं की आडवा बोगदा काढायचा, त्यातही शेकोटीच. एक माणूस खाली, एक रहाटावर. उरलेला दिवस झाडं तोडण्यात, ओढून आणण्यात आणि फोडण्यात.

सर्वांत मोठा धोका हवेचा. धूर ओसरण्याआधी खाली उतरलेला माणूस कधीकधी वर आलाच नाही. मेणबत्ती सोडून हवा तपासायची पद्धत जगभर होती, पण तिचा अर्थ नीट समजला पाहिजे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं. शेकोटीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका साठला तरी ज्योत शांतपणे जळत राहते. जरासं डोकं ठणकायला लागलं की ताबडतोब वर, हाच त्यातल्या त्यात बरा नियम. पुढे वाफेच्या नळ्या जमिनीत ठोकून वितळवायची पद्धत आली, तेव्हा धूर गेला आणि कामही झपाट्याने व्हायला लागलं. त्या बॉयलरलाही लाकूडच लागायचं.

खाली जाऊन सोनं असेलच याची खात्री नव्हती. सोन्याचा पट्टा आजच्या ओढ्याखाली नसून जुन्या प्रवाहाच्या मार्गावर असे. विहीर वीस फूट बाजूला पडली तर महिना वाया. म्हणून रोज संध्याकाळी तळाची एक परात माती खोलीत आणून वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात धुऊन बघायची. परात पाण्यात बुडवून ढेकळं हाताने कुस्करायची, गोटे धुऊन फेकायचे. मग परात पाण्याखालीच जोरात डावी-उजवी हलवायची, म्हणजे जड ते तळाला बसतं. या पायरीत घाई केली तर पुढे काहीही करा, सोनं वरच्या वाळूबरोबर निघून जातं. नंतर परात पुढे कलवून हलक्या लाटांनी वरची वाळू सोडत राहायचं. शेवटी काळी वाळू उरते. ती लोहयुक्त, वजनाला साध्या वाळूच्या दुप्पट, म्हणून सहज जात नाही. तिच्या कडेला पिवळी रेघ दिसली तर दिसली. त्या रेघेला ते ‘कलर’ म्हणत.

परातीबद्दल एक बारकावा. हीच परात पीठ मळायला आणि कधी मांस परतायलाही वापरत. तिला चरबी लागलेली असेल तर बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. म्हणून जाणता माणूस परात आधी आगीवर तापवून चरबी जाळून टाकी. कोरी चकचकीत परात हातात दिसली की माणूस नवखा हे लोक दुरून ओळखत.

क्लोंडाइकच्या आधी त्या भागात परातीमागे १० सेंटचं सोनं चांगलं मानलं जाई. वजनात ते जेमतेम ०.२ ग्रॅम. यावरून एल्डोराडोच्या परातींनी लोक वेडे का झाले ते कळेल. तिथे एका परातीत कित्येक डॉलरचं सोनं दिसत होतं.

हिवाळाभर वर काढलेल्या मातीचा ढीग गोठून टेकडीसारखा पडून असे. त्यात किती सोनं आहे हे मालकालाही नक्की ठाऊक नसायचं, आणि मजुरांचे पैसे, दुकानाची उधारी सगळी त्या ढिगावर टांगलेली. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी धावायला लागलं की लाकडी पन्हळी जोडून त्यात माती फावड्याने टाकायची. पन्हळ साधारण १२ फुटांची, तळाला आडव्या पट्ट्या, त्यांच्या आड सोनं अडकतं. उतार जास्त झाला तर बारीक सोनं वाहून जातं, कमी झाला तर वाळू साचून पट्ट्या बुजतात आणि सोनं वरून घसरतं. पाणी आटण्याआधी ढीग धुऊन झाला नाही तर पुढच्या वर्षाची वाट. पाणी थोडं असेल तिथे पाळण्यासारखी हलवायची पेटी वापरत. तिला पाणी कमी लागतं, पण माणूस पार थकतो. वर सरकारचा १० टक्के कर होताच, आणि आधीच सगळं उधारीवर चालवलेल्या माणसाला तो फार बोचायचा.

स्वतःचा दावा नसलेले दोन मार्गांनी राहत: रोजंदारी किंवा अर्धेली. १८९७-९८ च्या हिवाळ्यात खाणीवर तासाला दीड डॉलरपर्यंत मजुरी मिळे. उन्हाळ्यात हजारो माणसं उतरली आणि दर घसरला. अर्धेलीत दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्या खर्चाने खोदायचं आणि निघेल त्याचा ठरलेला वाटा मालकाला. ऐकायला बरं वाटतं, पण कोरडी विहीर निघाली तर सगळं नुकसान खोदणाऱ्याचं.

खोली, ताट आणि दात

राहायची खोली ओंडक्यांची, साधारण १२ बाय १४ फूट, दोन-तीन माणसांत. फटींत शेवाळ कोंबलेलं, छपरावर मातीचा थर. काच नसेल तर खिडकीला बाटल्या रचून लावत. मध्ये पत्र्याची शेगडी. ती तासाभरात लाल होते आणि तासाभरात विझतेही, म्हणून रात्री उठून लाकूड सारणं हा पाळीचा विषय. तापमान उणे ४० ते ५० सेल्सिअस. पारा उणे ३९ ला गोठतो, त्यामुळे जुने लोक बाहेर पारा, दारू, रॉकेल अशा बाटल्या ओळीने ठेवत आणि कोणती गोठली यावरून आज वाटेला लागायचं की नाही ते ठरवत.

जेवण म्हणजे दाणे, मांस आणि आंबवलेल्या पिठाचे पाव किंवा घावनासारखे पोळे. यीस्ट मिळत नसे, म्हणून आंबट पिठाचा गोळा मडक्यात जपायचा, वापरताना थोडा मागे ठेवायचा, त्यात पीठ-पाणी घालून पुन्हा वाढवायचा. आपल्या विरजणाचाच न्याय. तो गोठून बिघडू नये म्हणून दिवसा शेगडीच्या वर टांगलेला आणि रात्री पांघरुणात. एक हिवाळा काढलेल्या माणसाला ‘सावरडो’ म्हणत ते याच आंबट पिठावरून. नवखा तो ‘चीचाको’.

या ताटात ताजं काही नव्हतं आणि त्यातून स्कर्व्ही होई. आधी हिरड्या सुजतात, दात हलतात, पाय काळे-निळे पडतात, मांसात बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. स्प्रूस झाडाच्या पानांचा काढा हा तिथल्या मूळ रहिवाशांचा जुना उपाय, आणि तो खरोखर चालतो कारण त्यात क जीवनसत्त्व असतं. दारासमोर औषधाचं झाड असताना माणसं दात गमावून बसली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत दुःखाचं वाटतं. डॉसन गावात दुसरा शत्रू टायफॉइड. गाव दलदलीवर वसलेलं, खाली गोठलेली जमीन, त्यामुळे सांडपाणी मुरत नसे, आणि १८९८ च्या उन्हाळ्यात हजारो माणसं तेच पाणी पीत होती. फादर विल्यम जज यांनी उभारलेलं सेंट मेरी इस्पितळ भरून वाहत होतं. ते स्वतः जानेवारी १८९९ मध्ये वारले.

गावातलं चलन म्हणजे सोन्याची भुकटी. गिऱ्हाईक कातड्याची पिशवी पुढे करी आणि दुकानदार वजन करून घेई. शुद्ध सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर, पण गावात भुकटी १६ डॉलरने चाले, कारण तिथल्या सोन्यात मुळातच चांदी मिसळलेली आणि भुकटीत काळी वाळू असे. लबाडी दोन्हीकडून व्हायची. गिऱ्हाईक पितळेचा कीस मिसळी, दारूवाला तराजूखाली गालिच्याचा तुकडा ठेवी किंवा बोटं ओलसर ठेवी. गुत्त्याच्या जमिनीवरचा भुसा धुऊनही सोनं निघायचं, आणि काही पोरं तेवढ्यावर पोट भरत. सराफ कट्ट्यावरची माती धुणारे आपले झारेकरी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

भरवशाचा पैसा खोदणाऱ्यांपेक्षा पुरवणाऱ्यांनी कमावला. बेलिंडा मलरूनी १८९७ मध्ये कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन आली, सहापट भावाने विकल्या, त्यावर खानावळ, मग बोनान्झा आणि एल्डोराडोच्या संगमावर मुक्कामाची जागा, आणि १८९८ मध्ये डॉसनमध्ये फेअरव्ह्यू हॉटेल. खाणवाले जेवताना बोलायचे ते ऐकून कोणती जमीन घ्यावी हे ती ठरवायची. पाव भाजणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, फाटकं शिवणाऱ्या बायकांची मिळकतही रोजंदारीच्या गड्यापेक्षा कमी नव्हती. एक अंडं डॉलरला विकलं जात असलेल्या गावात ताजा पाव म्हणजे ऐश.

१८९९ च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या नोम गावच्या समुद्रकिनारी सोनं असल्याची बातमी आली आणि ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात सुमारे ८ हजार माणसं डॉसन सोडून गेली. चिलकूटवरून पाठीवर आणलेली पोती त्यांनी मिळेल त्या भावाने विकली. कित्येकांनी तर आपली कुदळ एकदाही जमिनीत घातली नव्हती.

ती गेली तेव्हा ओढ्यांच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्या बोडक्या झाल्या होत्या. तीन हिवाळ्यांच्या शेकोट्यांत सगळं जंगल गेलं, आणि जंगलाबरोबर मूस हरणंही दूर गेली. हा मुलूख हान लोकांचा. क्लोंडाइक हा शब्दच त्यांच्या ‘त्रॉन्डेक’वरून आला. सॅमन मासे अडवायचे खुंट ज्या दगडाने ठोकत, त्या दगडाचं ते नदीला पडलेलं नाव. नदीच्या मुखाशी त्रोचेक इथे त्यांचा मासेमारीचा तळ होता, तिथे झोपड्या आणि गुत्ते उठले. १८९७ मध्ये त्यांचे प्रमुख आयझॅक आपल्या माणसांना घेऊन नदीच्या खालच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर मूसहाइडला गेले. आपली गाणी आणि नाच या गर्दीत टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ते अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला सोपवले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी त्यांच्या वंशजांनी तिथे जाऊन ती गाणी परत शिकून आणली.